नावाचा सातबारा कोणाच्या नावे?

अराकूच्या कॉफीचे कौतुक करण्याचा एक ठरीव साचा गेल्या काही वर्षांत तयार झाला आहे. २०१७ साली पॅरिसमध्ये तिचे दुकान निघाले. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकनाची सरकारी मोहोर मिळाली. २०२३ साली दिल्लीस जमलेल्या वीस राष्ट्रांच्या परिषदेत परदेशी पाहुण्यांना दिलेल्या भेटवस्तूंत तिची वर्णी लागली. दर प्रसंगी वृत्तपत्रांनी एकच कथा नव्याने सांगितली. डोंगरात राहणारा, कालपर्यंत जंगल जाळून नाचणी पिकविणारा आदिवासी आज फ्रेंच रसिकांच्या पेल्यात सुगंध ओततो आहे, हे त्या कथेचे सार. वाचकांचे डोळे पाणावतात, सहकाराचा जयजयकार होतो आणि पान उलटले जाते.

ही कथा खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती अपुरी आहे असे आमचे म्हणणे आहे. तिच्यात शेतकरी आहे, त्याची टोपली आहे, त्याचा हसरा चेहराही आहे. नाही तो फक्त एक कागद. वकिलीच्या पेशामुळे आम्हांस अशी खोड जडली आहे की, कोणी एखाद्या मालमत्तेची स्तुती करू लागला की आम्ही आधी तिचा उतारा मागतो. महाराष्ट्रात त्याला सातबारा म्हणतात, गोव्यात एक-चौदा म्हणतात, बेळगावकडे आणि जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलुखात पहाणी म्हणतात. शब्द कोणताही असो, त्यातला प्रश्न एकच असतो: धारक कोण?

अराकूच्या डोंगरात आज दोन प्रकारची मालमत्ता आहे. एक जमीन, आणि दुसरी ‘अराकू’ हे नाव. जमीन कोणाची असावी याचा निकाल कायद्याने, पुष्कळ रक्त आणि पुष्कळ शाई सांडल्यावर, लावून टाकला आहे. नाव कोणाचे, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. आमचे प्रतिपादन असे की, जोवर नाव पिकविणाऱ्यांच्या हाती नाही तोवर तेथला सहकार अर्धाच आहे. आणि अर्ध्या सहकाराला पूर्ण सहकाराचे गुणगान शोभत नाही.

प्रथम हा मुलूख कोणता ते सांगितले पाहिजे. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यापासून आत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर पूर्व घाटात सुमारे तीन हजार फूट उंचीवर अराकूचे खोरे आहे. बगत, कोंडदोर, कोटिया, गदबा, पोरजा, खोंड अशा जमातींची ही वस्ती. १९२२ ते १९२४ या काळात अल्लुरी सीताराम राजू यांच्या नेतृत्वाखाली ज्या डोंगरी टापूने इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले, तो हाच टापू. त्या बंडाच्या मुळाशी जंगलाचा कायदा होता: पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पोडू, म्हणजे झाडी तोडून व जाळून करावयाची फिरती शेती, सरकारने गुन्हा ठरविली होती. २०२२ साली आंध्र प्रदेश सरकारने या भागाचा निराळा जिल्हा केला व त्याला त्याच सीताराम राजूंचे नाव दिले. ज्याला एका सरकारने गोळी घातली त्याच्या नावाने दुसऱ्या सरकारने कचेरी उघडली. नावांचे प्रवास असे विलक्षण असतात, आणि म्हणूनच त्यांवर नजर ठेवावी लागते.

कॉफी या डोंगरांत इंग्रजांनी आणली. स्वातंत्र्यानंतर आधी वनखात्याने आणि मग आदिवासी विकासाच्या सरकारी यंत्रणेने तिचा पाठपुरावा केला. हेतू असा की, पोडूऐवजी कायम उभे राहणारे पीक मिळाले तर जंगलही राहील आणि माणूसही. सिल्व्हर ओकची सावली, तिच्या बुंध्यावर चढविलेला मिरीचा वेल आणि खाली अरेबिका जातीची कॉफी, अशी ही बाग. देशातील सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते, आणि तेथे मोठमोठ्या इस्टेटींची परंपरा आहे. अराकूत इस्टेट नाही. एकेका कुटुंबाची एक-दोन एकर बाग, आणि अशी हजारो कुटुंबे. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे येथे सहकार हा हौसेचा विषय का नव्हे, ते कळते.

पूर्वीचा व्यवहार साधा होता. घरच्या माणसांनी पिकली-अर्धपिकली फळे एकदम ओरबाडावी, अंगणात वाळवावी, आणि आठवड्याच्या बाजारी व्यापाऱ्याच्या तराजूत घालावी. त्या व्यापाऱ्याने बहुधा आधीच उचल दिलेली असे. म्हणजे भाव कोण ठरविणार हा प्रश्न उरतच नसे. विशेष प्रतीची कॉफी या रीतीने होत नाही. तिला पूर्ण लाल झालेलीच फळे लागतात, म्हणून एकाच झाडाची तोडणी तीन-चार फेऱ्यांत करावी लागते. तोडलेल्या दिवशीच फळाची साल काढावी लागते. बीवरचा बुळबुळीत थर आंबवून धुवावा लागतो. जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर बी पसरून ओलावा अकरा-बारा टक्क्यांवर येईतो हलवीत राहावे लागते. मग जाणकार चाखणारे तिला शंभरापैकी गुण देतात. ऐंशी आणि त्यावर मिळाले तरच ती विशेष प्रतीची ठरते. पाच-सहा किलो फळांतून एक किलो बी निघते. दीड एकरवाल्याने साल काढण्याचे यंत्र कोठून आणावे, पाण्याचे हौद कोठे बांधावे, परदेशी गिऱ्हाइकाची बोट कशाने भरावी? एकट्याला हे अशक्य, आणि हजारांना सहज शक्य. सहकाराची याहून सरळ व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

१९९८ साली हैदराबादेत स्थापन झालेल्या नांदी प्रतिष्ठानने हे काम हाती घेतले, उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली, फळे एका ठिकाणी आणून त्यांवर प्रक्रिया करण्याची व्यवस्था बसविली आणि गुणवत्तेवरून भाव देण्याची रीत पाडली. कोणी काही म्हणो, हे श्रेय नाकारणे हा कृतघ्नपणा होईल. लाल फळाला निराळा भाव मिळतो, हे कळल्याबरोबर डोंगरातल्या माणसाने हिरव्या फळाला हात लावणे सोडले. ‘आदिवासी आळशी, त्याला गुणवत्तेची चाड नाही’ असे म्हणणाऱ्या कैक पिढ्यांच्या अधिकाऱ्यांना हे परस्पर उत्तर मिळाले.

संस्था ज्या कायद्याखाली उभी आहे तोही चांगला आहे. आंध्र प्रदेशाने १९९५ साली परस्पर साहाय्यित सहकारी संस्थांचा कायदा केला. जुन्या, १९६४ च्या, सहकारी कायद्यात निबंधक हा संस्थेचा सासरा असे: निवडणूक लांबवावी त्याने, मंडळ बरखास्त करावे त्याने, प्रशासक नेमावा त्याने. नव्या कायद्याने सरकारी भागभांडवलाला फाटा दिला आणि सरकारचा हात त्याबरोबरच दूर केला. पुढे २००६ साली त्याच राज्याने दूध संस्थांना पुन्हा जुन्या दावणीला बांधण्याचा खटाटोप केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरविली. सभासदाने एका रचनेच्या संस्थेत स्वेच्छेने प्रवेश केला असता सरकारने तिचे रूप परस्पर पालटू नये, हे तत्त्व त्या निकालाने पक्के केले. त्याच वर्षी ९७ वी घटनादुरुस्ती होऊन सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत आला. त्या दुरुस्तीतील राज्यांच्या संस्थांविषयीचा भाग २०२१ साली न्यायालयाने रद्द केला खरा. पण तो राज्यांची संमती घेतली नव्हती म्हणून. मूलभूत हक्क शाबूत राहिला.

आता जमिनीचा उतारा पाहू. हा डोंगर घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला. आंध्रच्या १९५९ च्या भूहस्तांतरण विनियमात १९७० साली दुरुस्ती होऊन असे ठरले की, अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीला अथवा केवळ आदिवासी सभासदांच्या सहकारी संस्थेलाच देता येईल. इतर कोणाच्या नावे झालेले हस्तांतरण मुळातच रद्द. शिवाय अशा क्षेत्रात बिगर-आदिवासीच्या ताब्यात जमीन आढळली तर ती आदिवासीकडूनच आली असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार कब्जेदारावर टाकतो. तरीही सरकारने याच डोंगरात, अनंतगिरी तालुक्यातील बोर्रा भागात, खाजगी कंपन्यांना खाणींचे पट्टे दिले. ‘समता’ या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली. ११ जुलै १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने बहुमताने निकाल दिला की, विनियमातील ‘व्यक्ती’ या शब्दात सरकारही येते. म्हणून सरकारलाही ही जमीन बिगर-आदिवासी कंपनीला देता येत नाही. खनिज काढावयाचेच असेल तर ते आदिवासींनी, एकेकट्याने वा सहकारी संस्थेमार्फत, काढावे, असाही मार्ग त्या निकालात दाखविला आहे.

या निकालाचे मर्म काय? तर ज्या साधनावर माणूस जगतो ते साधन, त्याचे भले करण्याच्या मिषानेसुद्धा, दुसऱ्याच्या नावे करू नये. आणि ते सांभाळणारा लायक मालक म्हणून कायद्याला आदिवासींची सहकारी संस्था मान्य आहे. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तो निकाल आजही त्या डोंगराची तटबंदी आहे.

तटबंदी भक्कम आहे, पण ती जमिनीभोवती आहे. दरम्यान संपत्तीने आपले ठिकाण बदलले. विशेष प्रतीच्या कॉफीच्या किमतीतला मोठा भाग आज मातीत नाही, बीतही नाही. तो पाकिटावरील नावात आहे. तीच बी ‘भारतीय अरेबिका’ म्हणून पोत्यातून गेली तर एक भाव, आणि ‘अराकू’ म्हणून डब्यातून गेली तर दुसरा. दोन भावांतले अंतर म्हणजे नावाचे उत्पन्न. ते कोणाच्या खात्यावर जमा होते?

येथे १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा उघडला पाहिजे. हा कायदा शेतकऱ्याच्या व कारागिराच्या कल्याणाचा म्हणून नावाजला जातो. त्यात दोन प्रकारचे हक्कदार आहेत: एक नोंदणीकृत धारक, दुसरा अधिकृत वापरकर्ता. धारक होण्यासाठी उत्पादकांचा संघ अर्ज करू शकतो. तसेच उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी, कायद्याने स्थापन झालेली एखादी सरकारी संस्थाही करू शकते. २०१९ साली ‘अराकू व्हॅली अरेबिका’ हे मानांकन नोंदले गेले, त्याच सुमारास कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी व वायनाड येथील कॉफीचीही नावे नोंदली गेली, आणि त्यांचा अर्जदार बंगळूरचे कॉफी मंडळ होते. म्हणजे अराकूच्या नावाच्या उताऱ्यावर धारक म्हणून ना गदबा आहे, ना कोंडदोर, ना त्यांची सहकारी संस्था. आहे ते एक केंद्रीय मंडळ.

कोणी म्हणेल, मंडळ हे विश्वस्त आहे, आणि उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेऊ शकतोच की. होय, शकतो. पण त्याच पंक्तीत आणखी कोण कोण बसू शकतो ते पाहा. कायद्याच्या दुसऱ्या कलमात ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या आहे. शेतमालाच्या बाबतीत जो पिकवितो तो उत्पादक. जो प्रक्रिया करतो तोही उत्पादक. जो पाकिटात भरतो तोही उत्पादक. आणि वर शेपूट अशी की, त्या मालाचा जो व्यापार करतो तोही उत्पादकच! ज्या व्यापाऱ्याच्या तराजूतून सुटण्यासाठी सहकाराची शिडी उभी केली, त्याच व्यापाऱ्याला कायद्याने व्याख्येच्या खिडकीतून आत घेतले. जमिनीच्या कायद्याने म्हटले, ‘परका येथे मुळीच नको.’ नावाच्या कायद्याने म्हटले, ‘परका असा कोणी नाहीच.’

इतक्यावर भागत नाही. कलम २४ म्हणते की, मानांकनाचा हक्क कोणालाही विकता, देता वा गहाण टाकता येणार नाही. हेतू चांगला: कोणा धनिकाने शेतकऱ्याचे नाव विकत घेऊ नये. परंतु याच कलमाचा दुसरा अर्थ असा की, उद्या मंडळाला सुबुद्धी होऊन त्याने हे नाव डोंगरातल्या संस्थांच्या स्वाधीन करावयाचे ठरविले, तरी त्याला साध्या दस्ताने तसे करता येणार नाही. विश्वस्ताकडून मालाकडे जाणारा रस्ताही त्याच कुंपणाने अडला. शिवाय कलम २६ प्रमाणे, मानांकनाच्या अर्जापूर्वी कोणी प्रामाणिकपणे तेच नाव व्यापारचिन्ह म्हणून वापरीत असेल तर त्याच्या हक्काला बाध येत नाही. अर्थात जो आधी कचेरीत पोचला त्याचे पाऊल कायम. डोंगरातला माणूस कचेरीत आधी पोचल्याचे उदाहरण आमच्या वकिलीच्या आयुष्यात तरी आम्ही पाहिलेले नाही.

आता बाजारात उभे राहून पाहा. एकीकडे गिरिजन सहकारी महामंडळ, १९५६ सालचे, विशाखापट्टणमचे. नावात ‘सहकारी’ आहे, पण कारभार सरकारनियुक्त अधिकारी पाहतो. तेही या खोऱ्याच्या नावाने कॉफी विकते. लहान उत्पादकाला बाजारात सरकारी गिऱ्हाईक असणे उपयोगाचेच. परंतु ज्या संस्थेचा कारभारी तिच्या सभासदांनी निवडलेला नसून सरकारने धाडलेला असतो तिला सहकारी म्हणणे म्हणजे शब्दाचा अपमान होय. दुसरीकडे उद्योगपतींच्या भांडवलाने उभी राहिलेली कंपनी. पॅरिसचे दुकान तिचे. तिसरीकडे जो कोणी चार पोती घेऊन पाकिटे भरील तो. या तिघांच्याही मागे, डोंगरात, खरी सहकारी संस्था: फळे गोळा करणारी, धुणारी, वाळविणारी. प्रक्रियेच्या शेवटच्या हौदापर्यंत सभासद मालक आहे. हौदाच्या पुढे तो पुरवठादार होतो.

आमच्या या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, आणि ते क्षुल्लक नाहीत.

पहिला असा की, शेतकऱ्याला भाव चांगला मिळतो आहे, मग उगाच मालकीचा वाद कशाला? याला उत्तर एकच: भाव ही कृपा असू शकते, मालकी हा हक्क असतो. कृपाळू माणसे बदलतात, मरतात, कंटाळतात, कंपन्या विकल्या जातात. आज ज्याच्या मनात आहे तो चांगला भाव देतो. उद्या त्याच्या जागी जो येईल त्याच्या मनात काय असेल हे कोणत्या करारात लिहिले आहे? जमीनदार दयाळू असला म्हणून कुळकायदा नको, असे आपण कधी म्हटले नाही. गोव्यातल्या मुंडकाराला भाटकाराच्या चांगुलपणाचे किती दाखले ऐकविले गेले, आणि तरी १९७५ साली त्याच्यासाठी कायदा का करावा लागला, हे आमच्या गोमंतकीय वाचकांना सांगावयास नको.

दुसरा आक्षेप कौशल्याचा: गदबा शेतकरी पॅरिसमध्ये दुकान कसे चालविणार? अहो, आणंदचा दूधवाला मुंबईत लोणी कसे विकणार, असेही एके काळी विचारले गेले होते. १९४६ साली खेडा जिल्ह्याचा दूध उत्पादक संघ स्थापन झाला. त्रिभुवनदास पटेलांनी शेतकरी एकत्र केले आणि परप्रांतीय अभियंता कुरियन यांना कामाला ठेवले. ‘ठेवले’ हा शब्द मुद्दाम वापरतो; ज्ञान नोकरीला आले, मालक झाले नाही. पुढे १९७३ साली विक्रीसाठी राज्याचा महासंघ निघाला, पण ‘अमूल’ या चिन्हाची मालकी खेडा संघाकडेच राहिली. महासंघ ते वापरतो. बडोद्याच्या आमच्या वाचकांना आणंद काही लांब नाही. त्यांनी जाऊन विचारावे की, चिन्ह दुसऱ्याचे असते तर ते दूध आज कोणाचे असते. प्रवरेच्या शेतकऱ्यांनीही १९५० साली कारखाना चालू केला तेव्हा विठ्ठलराव विख्यांनी धनंजयराव गाडगिळांसारख्या अर्थशास्त्रज्ञाला आणून अध्यक्षस्थानी बसविले. विद्वत्तेचा मान राखला, भाग मात्र शेतकऱ्यांचेच राहिले.

तिसरा आक्षेप बाजाराच्या ताकदीचा: जगातील कॉफीचे व्यापारी बलाढ्य आहेत, त्यांच्यापुढे गरीब उत्पादकाच्या नावाला काय किंमत? येथे कॉफीची जन्मभूमी जी इथिओपिया तिच्याकडे पाहावे. तेथील ओरोमिया प्रांतात १९९९ साली ताडेसे मेस्केला यांच्या पुढाकाराने प्राथमिक कॉफी संस्थांचा संघ उभा राहिला व तो स्वतः निर्यात करू लागला. २००५ साली त्या देशाने सिदामो, हरार व यिर्गाचेफे या तीन मुलुखांची नावे अमेरिकेत व्यापारचिन्हे म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला. अमेरिकेतील कॉफी व्यापाऱ्यांच्या संघाने विरोध केला. स्टारबक्ससारख्या कंपनीशी वाद जुंपला. ही नावे भौगोलिक आहेत, त्यांवर कोणाची मालकी कशी, हा युक्तिवाद झाला. इथिओपियाने माघार घेतली नाही, आणि जून २००७ मध्ये त्या कंपनीला त्या देशाचा नावावरील हक्क मानणारा करार करावा लागला. तेथेही नावाचा मालक सरकारच आहे, शेतकरी नव्हे. एवढ्यापुरते ते उदाहरण आम्हांस अपुरे वाटते. परंतु नाव ही मालमत्ता आहे, आणि गरिबानेही ती बलाढ्यापुढे ठासून सांगितली तर मान्य होते, एवढा धडा त्यातून निर्विवाद मिळतो.

येथे कोणी आम्हांसच उलट विचारील: तुम्ही मराठी माणसे सहकाराचे एवढे धडे देता, तुमच्या साखर कारखान्यांचे काय झाले? प्रश्न झोंबणारा आहे, पण रास्त आहे. तेथे भाग शेतकऱ्यांचे, नाव शेतकऱ्यांचे, आणि तरी कित्येक ठिकाणी खुर्ची एकाच घराण्याची. काही कारखाने कर्जात बुडाले, आणि ज्यांच्या घामाने ते उभे राहिले त्या सभासदांच्या डोळ्यांदेखत खाजगी हातांत गेले. मालकीचा कागद असला म्हणजे सारे साधते असा आमचा भ्रम नाही. सभासदाने सभेस जावे, हिशोब विचारावा, कारभारी बदलावा. हे न केले तर कागद वाळवीच्या कामी येतो. परंतु ज्याच्याकडे कागदच नाही त्याला हिशोब विचारण्याचाही अधिकार नाही. बिघडलेला सहकार दुरुस्त करता येतो. अर्ध्यावर थांबविलेल्या सहकारात दुरुस्त करावयाला सभासदाच्या हाती काही नसतेच.

शिवाय पिकविणाऱ्यांच्या हाती नाव असू शकते याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. गोव्यात काणकोणच्या खोला गावाच्या डोंगरउतारावर पिकणाऱ्या लाल मिरचीला अलीकडेच मानांकन मिळाले, आणि ते तेथील मिरची पिकविणाऱ्यांच्याच संघाच्या अर्जावर. पीक लहान, गाव लहान, संघ लहान. पण उतारा त्यांच्या नावे. जे खोल्याच्या मिरचीवाल्यांना साधले ते अराकूच्या कॉफीवाल्यांना साधणार नाही, असे म्हणणारा मनुष्य शेतकऱ्याची कुवत मोजत नसून आपली सोय मोजतो.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली: सहकारी संस्थेच्या प्रत्येक सभासदाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हावी, आणि तिचा खर्च व खटाटोप कॉफी मंडळाने करावा, विश्वस्त म्हणविणाऱ्याचे ते पहिले कर्तव्य आहे. दुसरी: १९९९ च्या कायद्यातील ‘उत्पादक’ या व्याख्येतून, निदान शेतमालापुरते, व्यापाऱ्याला वगळावे, आणि कलम २४ ला अपवाद जोडून सरकारी धारकाने उत्पादकांच्या प्रातिनिधिक संस्थेच्या स्वाधीन मानांकन करण्याचा मार्ग मोकळा करावा. तिसरी: त्यासाठी संसदेची वाट पाहत बसू नये. व्यापारचिन्हांच्या १९९९ च्याच कायद्यात सामूहिक चिन्हाची सोय आहे. संघाने ते आपल्या नावे नोंदवावे आणि सभासदांनी वापरावे. डोंगरातल्या संस्थेने असे चिन्ह घ्यावे, आणि कंपनी असो, महामंडळ असो, ज्याला तिचा माल विकावयाचा आहे त्याने ते मुदतीच्या परवान्यावर, ठरलेला हिस्सा देऊन वापरावे. चौथी: विक्रीचा प्रत्येक करार वार्षिक सभेपुढे सभासदांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवावा. ज्या कराराचा अर्थ सभासदाला सांगता येत नाही तो करार त्याच्या हिताचा असण्याचा संभव थोडा.

यात कोणाच्या हेतूविषयी आम्ही शंका घेतलेली नाही. प्रतिष्ठानने रोप लावले, मंडळाने कुंपण घातले, कंपनीने बाजार दाखविला. सर्वांचे आभार मानावे. परंतु पालकत्वाला कायद्यात एक मर्यादा असते. पाल्य सज्ञान झाला की पालकाने हिशोब देऊन किल्ल्या त्याच्या हाती ठेवावयाच्या असतात. शंभरातले ऐंशीहून अधिक गुण मिळविणारी कॉफी जो पिकवितो तो अजून अज्ञान आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

मानांकनाची नोंदणी दहा वर्षांची असते. अराकूची मुदत या दशकाच्या अखेरीस भरेल आणि नूतनीकरणाचा अर्ज होईल. त्या दिवशी अर्जावर सही कोणाची असावी, हा प्रश्न डोंगरातल्या संस्थेने आतापासून विचारावा, आणि हैदराबाद, बेळगाव, पणजी येथील आमच्या वाचकांनी तो आपापल्या परीने उचलून धरावा. निदान एवढे तरी करावे: पाकीट घेताना पुढच्या बाजूचे चित्र पाहून झाले की ते उलटून मागची बारीक अक्षरे वाचावी. तेथे उत्पादकांच्या संस्थेचे नाव नसेल तर दुकानदाराला विचारावे, ते का नाही.